वरून रंगवलेली तुळई

मित्रांनो, गावच्या चर्चचं छप्पर जिच्या पाठीवर होतं ती तुळई मी. माझं वय कुणालाच नीट ठाऊक नाही. मलाही नाही. एवढं आठवतं, की चार बैलांनी मला ओढत आणलं आणि बारा माणसांनी दोरांनी वर चढवलं. मी भिंतीवर टेकले तेव्हा खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता आपण कायमच्या इथल्या.

माझ्याखाली कितीतरी लग्नं लागली. ज्यांची लग्नं पाहिली, त्यांच्या शवपेट्याही पाहिल्या. मग कामधंद्यासाठी माणसं शहरात गेली. दर रविवारी येणारे पाळक महिन्यातून एकदा येऊ लागले, पुढे येईनासे झाले. दाराला कुलूप लागलं. छपराची दोन कौलं सरकली आणि पाणी थेट माझ्या भिंतीतल्या टोकावर झिरपू लागलं. ओल आली, ओलीमागून वाळवी आली. ती मला आतून खात होती आणि मी तशीच उभ्या गावाच्या डोक्यावर आडवी पडून होते. सांगणार कुणाला, आणि कोणत्या तोंडाने?

काही वर्षांनी कुलूप उघडलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि त्यांची नणंद झाडू घेऊन आत आल्या. नणंद म्हणाली, "वहिनी, इथं आता पाखरंच प्रार्थना करतात वाटतं!"

"करू देत. त्यांच्या जोडीला आपण दोघी," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

बाई दारोदार गेल्या. शहरात गेलेल्यांना पत्रं लिहिली, फोन केले. सुट्टीच्या दिवशी एकेक जण येऊ लागला. बारा वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ एकाच शिडीची दोन टोकं धरून उभे राहिलेले मी पाहिले. कौलं बदलली, भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. रंगाऱ्याने मला चकचकीत तेलरंग दिला आणि म्हणाला, "बघा बाई, म्हातारी कशी नवरी झाली!" सगळे हसले. आत पोकळ झालेलं माझं टोक त्या रंगाखाली झाकलं गेलं.

मग त्यांनी पितळेचा जड दिवा माझ्या मधोमध टांगला. मी जीव तोडून करकरले.

"जुनं लाकूड आहे, कुरकुरणारच," रंगारी म्हणाला.

पहिल्या प्रार्थनेला चर्च गच्च भरलं. ते दोन भाऊ शेजारी शेजारी, तेही नेमके माझ्या टोकाखाली बसले होते. गाणं सुरू झालं. इतक्या वर्षांनी ते सूर ऐकताना मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र एकच करत होते, कसंबसं सावरून धरत होते. भिंतीपाशी माझी एक ढलपी सुटली आणि म्हाताऱ्या सुतारकाकांच्या उघड्या पुस्तकावर भुसा सांडला. त्यांनी तो चिमटीत चोळला, वर पाहिलं आणि ताडकन उठले.

"बाहेर व्हा! सगळे बाहेर!"

"अहो, प्रार्थना चालू आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, तुळई आतून संपलीय. आधी पोरं काढा."

शेवटचा माणूस उंबऱ्याबाहेर पडला आणि थोड्याच वेळात माझं टोक निसटलं. दिवा फरशीवर आपटून चेपला. मी दोन बाकं मोडली. माणूस एकही नाही. एवढंच माझं समाधान.

सुतारकाका म्हणाले, "एवढं लांब लाकूड मिळायला वर्ष तरी लागेल."

"आणि ही माणसं वर्षभर थांबतील?" बाईंनी विचारलं. एका भावाने दुसऱ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आता मी अंगणात भिंतीच्या कडेला पडून आहे. प्रार्थना इथेच उघड्यावर होते. पहिल्या रविवारी साठ जण आले, मग तीस, मग पंधरा. मित्रांनो, जुन्या वास्तूला रंग देण्याआधी तिला हात लावून पाहा, ठोकून पाहा. गप्प असलेलं सगळं धड असतंच असं नाही. आणि छपराची वाट पाहत घरी बसू नका. मला हाक मारता येत नाही, नाहीतर मीच एकेकाला बोलावून आणलं असतं.

आज रविवार. आठ जण आले आहेत. बाईंनी खुर्च्या मात्र साठच मांडल्या आहेत.