वजीरसाहेबांना बसवून ठेवणारी जाजम

मित्रांनो, मी एक जुनी जाजम आहे. माझ्याकडे बघून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. याहून मोठी नाकं मी पाहिली आहेत, आणि त्या नाकवाल्यांचे तळपायही. माणसाचा चेहरा बघण्याचा योग मला कमीच आला, कारण माझी जागा जमिनीवर. पण पायांनी मला सहसा फसवलं नाही.

माझा जन्म गेवराईचा. तिथल्या रंगाऱ्यानं जाड सुती कापडाचे पट्टे आल नावाच्या झाडाच्या मुळीच्या तांबड्या रंगात बुडवले, काठाला काळी वेल छापली, गोदावरीत धुतले आणि वाळूवर वाळत घातले. बीडहून पाटोद्याकडे जाताना आमचं बाजारगाव लागतं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या पंचांनी मला विकत घेतलं. पंचांचे प्रमुख वैजिनाथअप्पा, धान्याचे दुकानदार. त्यांच्या घरच्या उमाबाई माझ्या घडीत कडुलिंबाचा पाला घालून मला महादेवाच्या देवळात ठेवत. ते माझे लाडाचे दिवस.

माझ्यावर बसून गावाचे तंटे मिटत. रीत साधी होती. तक्रारदारानं माझ्या मधोमध सुपारी ठेवायची आणि प्रश्न विचारायचा. उत्तर पटलं की त्यानंच ती उचलायची. तोवर माझ्यावरून कोणी उठायचं नाही, मग घरी म्हैस व्यायला आलेली असो की तव्यावर भाकरी करपत असो. बांधाचे, वाटणीचे, मोडलेल्या सोयरिकीचे किती तंटे असे मिटले. घोळ घालणाऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या की तो आपोआप खरं बोलू लागे.

अंमल निजामसरकारचा होता. एका वर्षी हैदराबादहून न्यायखात्याचे वजीर दौऱ्यावर येणार अशी वर्दी आली आणि गावच्या अंमलदाराच्या अंगात वारं शिरलं. कमान उभी राहिली, शामियाना आला, गालिच्यासाठी वरून पैसा मंजूर झाला. गालिचा मात्र आला नाही. दरबाराच्या आदल्या दिवशी अंमलदाराचा शिपाई वैजिनाथअप्पांकडे आला आणि म्हणाला, "साहेबांनी जाजम मागितलीय."

"न्या की. सरकारचीच हाय," अप्पा म्हणाले. माझ्यावरची रीत परगावहून आलेल्या त्या अंमलदाराला ठाऊक नव्हती, आणि अप्पांनी ती सांगितली नाही.

याच कमानीपायी धोंडीराम नावाचा शेतकरी हवालातीत पडला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी लाकडं वाहायला त्याची बैलगाडी वेठीला मागितली, तेव्हा पेरणी उरकली की देतो, एवढंच तो म्हणाला. सरकारी कामात हयगय, असा आरोप ठेवून त्याला आत टाकलं. आता ज्वारी कापणीला आली होती, पण त्याची सुनावणी नाही, कारण गावात मुन्सफ, म्हणजे न्यायाधीश, नव्हता. जुना मुन्सफ बदलून गेला आणि नव्याच्या पगाराला म्हणे खजिन्यात पैसा नव्हता. पगाराला पैसा नसलेल्या त्या खजिन्यानं कमानीला सोनेरी कागद मात्र पुरवला.

धोंडीरामची बायको छबुबाई रोज हवालातीच्या दाराशी भाकरी घेऊन जायची. दरबाराच्या सकाळी तिनं सोमलिंग वकिलांना रस्त्यात गाठलं. हे सोमलिंग आमच्याच पेठेतले. मुलखातल्या वकिलांनी त्यांना आपल्यातर्फे हैदराबादच्या कायदे करणाऱ्या मजलिशीवर निवडून दिलं होतं. मुन्सफाचा प्रश्न त्यांनी तिथंही विचारला होता, आणि 'तहकीकात होईल', म्हणजे चौकशी होईल, असं गोड उत्तर घेऊन परतले होते.

"वकीलसाहेब, मालकानं चोरी केली न्हाई, कुनाला मारलं न्हाई," छबुबाई म्हणाली. "कावून डांबलंय त्यायला? येवढं तरी इचारा."

"इचारतो, बाई. पन उत्तर मिळंल असं म्हनत न्हाई," वकील म्हणाले.

दरबार भरला. माझ्या छातीवर खुर्च्या मांडल्या गेल्या. आजवर माझ्यावर कोणी जोड्यानिशी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी सगळ्या साहेबलोकांनी ठेवला. वजीरसाहेबांचे जोडे मऊ आणि चकचकीत, चिखल कधी न पाहिलेले. अंमलदाराचे जोडे सतत त्यांच्याकडे वळलेले, जणू त्यांची बायकामुलं तिथंच राहत होती. मला त्या जोड्यांची किळस आली, ती आजही गेलेली नाही.

सोमलिंग वकिलांसाठी खुर्ची होती. पण त्यांची नजर माझ्या काळ्या वेलीवर गेली आणि ते थबकले. त्यांनी वैजिनाथअप्पांकडे पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली, पण मिशी हलली. वकिलांनी वहाणा काढल्या, खुर्ची सोडून माझ्यावर मांडी घातली, साहेबलोकांच्या तबकातली एक सुपारी उचलली आणि माझ्या मधोमध ठेवली. मागे माझ्यावरच बसलेल्या गावानं मांडी आवळून घेतली.

"हुजूर, दोन सवाल आहेत," ते म्हणाले. "धोंडीरामला कोणत्या न्यायानं कोंडलं आहे? आणि मुन्सफाला पैसा नाही, तर गालिच्याला कुठून आला? आला असेल तर गालिचा कुठं आहे? ही तर आमच्या पंचांची जाजम आहे."

अंमलदाराच्या जोड्यांना घाम फुटला असावा. वजीरसाहेब मात्र हसले. असल्या सवालांवर हसण्याचाच त्यांना पगार मिळत होता. "तहकीकात होगी," ते म्हणाले. चोपदारानं दरबार संपल्याची ललकारी दिली.

कोणी उठलं नाही.

पुन्हा ललकारी झाली. माणसं हात जोडून बसून राहिली. जेवणाच्या तंबूकडे जायची वाट त्यांच्यामधूनच होती आणि तिकडून बिर्याणीचा वास येत होता. वजीरसाहेब देहानं भारी. माणसं ओलांडत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"उठा बे! दरबार संपला!" अंमलदार ओरडला. मग पोलिसांना म्हणाला, "हटवा यांना."

"हुजूर, लोक सरकारच्या दरबारात बसलेत," वकील शांतपणे म्हणाले. "दरबारात बसणं गुन्हा झाला का?" मग त्यांनी माझी रीत सांगितली. पोलीस वजीरसाहेबांच्या हुकमासाठी थांबले.

वजीरसाहेबांचे जोडे आधी स्थिर राहिले. मग टाच हलू लागली, मग दोन्ही पाय. तंबूतून खानसामा दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यांनी विचारलं, "कौन है ये धोंडीराम?" जमादारानं आरोप वाचला. तो ऐकायला जेवढा वेळ लागला तेवढाही त्यांनी विचाराला घेतला नाही. "छोड दो उसको," ते म्हणाले.

धोंडीरामला आणलं. हवालातीतून आलेले ते तळवे मऊ पडले होते. शेतकऱ्याचे पाय इतके मऊ मी कधी पाहिले नव्हते.

गालिच्याचं उत्तर आलंच नाही. अंमलदार माझ्याकडे बघत राहिला, जणू मीच गालिचा व्हावं. वकिलांनी मनात हिशेब केला. दुसऱ्या प्रश्नासाठी ताणलं तर हातात आलेला माणूस परत आत जायचा. छबुबाईच्या तोंडाकडे बघून त्यांनी सुपारी उचलली. त्यांना ते पुरं पटलं नव्हतं.

पुढं अंमलदाराची बदली झाली, मोठ्या गावाला, मोठ्या पगारावर. मजलिशीत वकिलांच्या जागी दुसरे गृहस्थ गेले. ते प्रश्न विचारत नसत, म्हणून त्यांना फार मान होता. मी मात्र खुर्च्यांनी पाडलेली भोकं घेऊन देवळात परत आले.

दरबाराच्या त्या संध्याकाळी पेठेत जो तो म्हणत होता की वजीर लई दयाळू. छबुबाई देवळात नारळ ठेवायला आली होती. ती म्हणाली, "दया कशाची? त्याला भूक लागली व्हती."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या जाजमेला ऊन दाखवा, भोकांना ठिगळ लावा आणि अधूनमधून तिच्यावर बसत जा. आणि खुर्चीवरचा कोणी 'तहकीकात होईल' म्हणाला, तर लगेच उठून घरी जाऊ नका. त्याचं जेवण थंड होऊ द्या.