मागची खिडकी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चार्ल्स्टन शहरात, कृष्णवर्णीयांच्या ईस्टसाइड वस्तीत बघता बघता पाच नवी रेस्टॉरंट उघडली. त्यातलं एकच वस्तीतल्या माणसाचं होतं, ते रोवेना मॅझिकचं. बाकीच्यांच्या दारात बाहेरगावच्या गाड्या लागायच्या. रोवेनाच्याही दारात लागायच्या, आणि तेच तिच्या मनात सलत होतं.

बंदराजवळच्या एका मोठ्या हॉटेलात तिने अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या नावाने रांधलं होतं. मग मामेभाऊ ऑरलँडला भागीदार केलं आणि आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावरची, वर्षानुवर्षं बंद पडलेली विटांची इमारत भाड्याने घेतली. साफसफाई करताना मागच्या बोळाकडे फळ्या ठोकून बंद केलेली एक खिडकी सापडली. रोवेना हरखली. फळ्या काढल्या, चौकटीला निळा रंग दिला आणि वर पाटी लावली, 'जुन्या काळची चव'. सकाळी तिथून कोळंबी घातलेल्या मक्याच्या कण्या आणि टोमॅटोत शिजवलेला लाल भात बांधून द्यायला सुरुवात केली. कुठल्याशा मासिकात खिडकीचा फोटो छापून आला आणि बोळात रांगा लागल्या.

पण त्या रांगेत गल्लीतलं कुणी नसायचं. आत टेबलावरही नसायचं. चर्चमधून परतताना टोपीवाल्या मिस टेसी लांबूनच हात करायच्या आणि पावलं उचलायच्या. रस्त्यापलीकडे, दार आणि बोळ दोन्ही दिसतील अशा घरातले मिस्टर एल्जी मॅनिगो तर तेवढंही करत नसत. गोदीवर जन्म घालवलेला हा म्हातारा रोज ओसरीवर बसायचा. रेस्टॉरंट उघडलं त्या दिवसापासून त्याने खुर्चीच फिरवली होती, पाठ रोवेनाकडे.

"लोक येतायत ना? मग झालं," ऑरलँड म्हणायचा.

"लोक येतायत रे. आपले कुठे येतायत?"

"आपल्यांना तू कालपर्यंत हेच फुकट खाऊ घालत होतीस. आता कोण विकत घेणार?"

रोवेनाला ते पटलं नाही. एका दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने भेंडीच्या सूपचा वाडगा भरला आणि सरळ रस्ता ओलांडला.

"मिस्टर एल्जी, सूप आणलंय. आत्ताच उतरवलंय."

"माझं जेवण झालंय."

"मग संध्याकाळी घ्या."

"संध्याकाळीही झालेलं असेल."

रोवेनाने वाडगा कठड्यावर ठेवला आणि पायरीवर बसकण मारली. "माझ्या आईला मातीत ठेवताना तुम्ही शवपेटीला खांदा दिलात. आता माझ्याकडे बघत नाही. माझं काय चुकलं ते कळल्याशिवाय मी इथून उठायची नाही."

"रस्त्यावर येणारे-जाणारे बघतायत, पोरी."

"बघू देत."

म्हातारा उठला, खुर्ची फिरवून बोळाकडे केली आणि म्हणाला, "बस इथे. काय दिसतं?"

"माझी खिडकी. दोन-चार माणसं उभी आहेत."

"मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा त्या खिडकीशी मी उभा असायचो. तेव्हा ते गोऱ्यांचं भोजनगृह होतं. पुढच्या दाराने आपण जायचं नाही. मागे यायचं, कडी वाजवायची आणि आतल्या सगळ्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं. पाऊस असो, ऊन असो."

"मला ठाऊक नव्हतं," रोवेना पुटपुटली.

"पुढचं ऐक. आत रांधायला कोण होतं, माहीत आहे? माझी आई. तो लाल भात तिच्या हातचा. तो खायला गावातले मोठमोठे लोक यायचे. आणि मी, तिच्या पोटचा पोरगा, पैसे देऊन तोच भात खिडकीतून घ्यायचो. आईने माझ्याकडे बघून हसायचं नाही, असा मालकाचा दम होता. ती हसायची नाही. खाली मान घालून पुडी सरकवायची." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "शेवटी ते भोजनगृह बंद पडलं तेव्हा आम्ही गोदीवरच्या पोरांनी त्या फळ्या ठोकल्या होत्या. तू त्या उचकटल्यास. रंगही दिलास. वर लिहिलंस, जुन्या काळची चव."

"मी या गल्लीत वाढले, मिस्टर एल्जी. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही."

"कोण सांगणार? तुम्हाला ते कळू नये म्हणूनच तर गप्प राहिलो."

ती वाडगा तिथेच ठेवून परतली. तिला आधी लाज वाटली, मग स्वतःचा राग आला. इतक्या वर्षांची बंद खिडकी कुणी का बंद केली, हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं. आत जाऊन तिने पाटी काढली आणि ऑरलँडला सांगितलं, "उद्यापासून खिडकी बंद. विटा लावून घ्यायच्या."

ऑरलँडने हातातला चमचा खाली ठेवला. सगळं ऐकल्यावर तोही हलला, पण म्हणाला, "रोवेना, सकाळचा सगळा धंदा त्या खिडकीवर आहे. शिवाय आता मालकीण तू. आत आपली माणसं, खिडकी आपली. यात कमीपणा कसला?"

"हे समोर जाऊन मिस्टर एल्जींना सांग. त्यांना पटलं तर राहू दे खिडकी."

ऑरलँड दारापर्यंत गेला. काचेतून ओसरीकडे बघत राहिला. मग परत येऊन म्हणाला, "गवंडी कुठला बोलवायचा?"

विटा लागल्या. सकाळचं खाणं पुढच्या दाराने द्यायचं ठरलं आणि पहिले काही आठवडे नुसता गोंधळ माजला. आतली टेबलं आणि बाहेरची रांग एकमेकांच्या पायात येऊ लागली. लांबून आलेली एक बाई कॅमेरा घेऊन बोळात उभी राहिली आणि खिडकी गेली म्हणून रोवेनावरच चिडली. "फोटो दाराचा काढा, दारही चांगलं आहे," रोवेना म्हणाली. गिऱ्हाईक घटलं. ऑरलँड तोंड पाडून फिरत होता. रोवेनाने कामावरच्या कुणाला काढलं नाही. सकाळची पाळी स्वतःवर घेतली, पहाटे कोळंबी आणायलाही स्वतःच जाऊ लागली. पाय सुजले. "उघडू या का परत?" असं ऑरलँडने एकदाच विचारलं. तिने नुसतं बघितलं. पुन्हा त्याने विचारलं नाही.

मिस्टर एल्जींना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायला जावं असं तिला वाटलंही नाही. बोळ त्यांना ओसरीवरून दिसत होताच.

एका गुरुवारी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, मिस्टर एल्जी पुढच्या दाराने आत आले. अंगात रविवारचा सूट, हातात हॅट. गल्ला सोडून ऑरलँड स्वतः पुढे धावला.

"टेबल आहे का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कुठलंही घ्या, मिस्टर एल्जी."

त्यांनी खोलीच्या बरोबर मधलं टेबल निवडलं. लाल भात मागवला. रोवेनाने स्वतः आणून ठेवला आणि हात पुसत उभी राहिली. ते सावकाश जेवले. शेवटचं शीतही सोडलं नाही.

"कसा झालाय?"

"बरा आहे. आईच्या भाताला धुराचा वास यायचा. तुझ्या भातात तो कमी पडतो."

"भातात डुकराचं मांस धुरावलेलंच घालते की मी."

"मग कमी घालतेस." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. थोडं थांबून म्हणाले, "आतली जागा मी कधी बघितली नाही. आई उभी राहायची ती."

रोवेनाने स्वयंपाकघराचं दार उघडून धरलं. मिस्टर एल्जी आत गेले. भांडी घासणाऱ्या बाईने नळ बंद केला. विटा लावलेल्या भिंतीशी ते थबकले, भिंतीला पाठ टेकवून उभे राहिले आणि तिथून खोलीचा अंदाज घेत दोन पावलं पुढे आले. "इथे. चूल इथे असणार. खिडकीतून तिचा डावा खांदा तेवढा दिसायचा."

तिथे आता रोवेनाचं भाज्या चिरायचं टेबल होतं. तिने वरची फळी बाजूला सरकवली. म्हातारा टेबलाशी उभा राहिला, तळहात त्यावर टेकवून. रोवेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने पुसलंही नाही.

जरा वेळाने त्यांनी हॅट डोक्यावर ठेवली.

"टेसी विचारत होती, आत बसायला कसं वाटतं म्हणून. रविवारी चर्चनंतर तिला घेऊन येतो. सोबत तिच्या मैत्रिणी असतील, दहा-बारा तरी. जागा होईल?"

"करीन की."

"कोपऱ्यात बसव त्यांना. फार मोठ्याने बोलतात."

"मधेच बसवते," रोवेना म्हणाली, आणि ऑरलँडला टेबलं जोडायला किती जागा लागेल ते विचारायला बाहेर गेली.