गुंडाळता न येणारा वाघ

मोहटोल्याच्या मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकासाठी जंगलाचा पडदा रंगवायचं काम शफीला मिळालं, तेव्हा त्यानं सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवली. वाघ पाठमोरा काढायचा नाही.

त्याच्या अब्बांनी जन्मभर चांद्यात बसून झाडीपट्टीतल्या नाटकमंडळ्यांना पडदे पुरवले, पण त्यांच्या एकाही वाघाचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. वाघ नेहमी झुडपात शिरताना. प्रेक्षकांच्या वाट्याला शेपूट. अब्बांना तोंड जमत नसावं, असा शफीचा अदबशीर अंदाज होता. अब्बा वारल्यामुळे तो खोडून काढायला कोणी उरलं नव्हतं.

शफी मात्र नागपुरात सिनेमाची पोस्टरं रंगवून आला होता. तिथं नवी टूम निघाली होती. चित्रातल्या डोळ्यांनी बघणाऱ्याचा पिच्छा पुरवायचा. इकडं सरका, तिकडं सरका, नटी तुमच्याकडेच बघते. लोकांना त्यात मोठा मान वाटे. ही कला झाडीत पहिल्यांदा आपण न्यायची, म्हणून त्यानं वाघाला तसेच डोळे दिले.

पडदा गावाबाहेरच्या मांडवात टांगला होता. दुपारी लटारूभाऊ आले. ते मंडळीचे म्होरके. नाटकात राजा व्हायचे आणि नाटक संपलं तरी आठवडाभर गादीवरून उतरत नसत. ते डावीकडे गेले, उजवीकडे गेले, मग खांबाआडून डोकावले.

"शफी, हा मलेच पाहून राह्यला गा."

"हीच त नवी फॅशन आहे, भाऊ. नागपुरात—"

"नागपुरात वाघ कुठी आहे?"

एवढ्यात गावचा पुजारी डोमा आला. पडदा पाहून त्यानं हात जोडले. मागून धुरपताबाई आली. तिची गाय परवाच पलीकडच्या नाल्यात वाघानं धरली होती. तिनं ओल्या रंगावरच वाघाच्या कपाळाला शेंदूर लावला.

"आता हा पडदा गुंडाळता येत नाई," डोमा म्हणाला.

"काऊन?" शफीनं विचारलं.

"डोळे उघडले म्हणजे वाघोबा झाला. राजवाड्याच्या सीनले बांबूवर गुंडाळून वर ओढसान, म्हणजे देवाले उलटा करसान. तुह्या बापाले ठाऊक होतं."

शफीला अब्बांच्या सगळ्या शेपट्या एकदम आठवल्या.

"मंग डोळे मिटवून टाकतो. एक ब्रश मारला का झालं."

"मिटव. पण मिटताना त्याले शेवटी तूच दिसशीन."

धुरपताबाई म्हणाली, "एक नाल्यात, एक मांडवात. आता गावानं जावं कुठी?"

लटारूभाऊंनी राजाच्या आवाजात निकाल दिला. दिवस बुडायच्या आत देवाचा अपमान न होता पडदा गुंडाळता यावा. नाही तर शफीनं तो घेऊन चांद्याला जावं, न गुंडाळता. मग झाडीत या पोराला कोणी बोलवणार नाही. आणि चांद्याची वाट नाल्यातूनच जात होती.

सगळे गेले. शफी ब्रश घेऊन उभा राहिला. पुढं वाघ, मागं जंगल.

तो डावीकडे सरकला. डोळे सरकले. आपली कला साधली आहे, याची इतकी वाईट खात्री कोणत्याही चित्रकाराला पटली नसेल. पापणीसाठी त्यानं पिवळा रंग घेतला. पण तो वाघाऐवजी त्याच्याच पायजम्यावर सांडला. तेवढ्यात नाल्याकडं चितळ ओरडलं. मग वानर खाकरलं. मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही हळूहळू जवळ येऊ लागलं.

जंगलाकडं तोंड करावं तर हा मागं. ह्याच्याकडं तोंड करावं तर तो मागं. शफीला पाठ एकच होती.

मागं पाचोळा वाजला. शफी वळला नाही. त्यानं हिरवा रंग घेतला आणि मान खाली घालून, अंदाजानंच, डाव्या डोळ्यावर बांबूचं एक पान ओढलं. मग दुसरं. उजव्या डोळ्यावर गवत. मिशांवर गवत. पाचोळा वाजला की पान, पाचोळा वाजला की पान. वाघ एकेका पानानं आत आत गेला. शेवटी पट्टेसुद्धा उरले नाहीत, तेव्हा मागचा आवाजही थांबला होता.

दिवस बुडता बुडता गाव कंदील घेऊन आलं.

"डोळे मिटवले नाई ना?" डोमानं विचारलं.

"नाई. उघडेच आहेत. पानाआड."

डोमानं कंदील वर धरून पानं निरखली. "बस झालं. त्याले आपण दिसतो, आपल्याले तो दिसत नाई. जंगलात असंच असते. गुंडाळा."

लटारूभाऊ डावीकडे गेले, उजवीकडे गेले. "पण आता तो कोणाकडं पाहून राह्यला?"

दुसऱ्या दिवशी राजेसाहेबांनी अख्खं नाटक खेकड्यासारखं आडवं चालून केलं. पडद्याला पाठ द्यायची त्यांची हिंमत झाली नाही. पुढच्या रांगेतली माणसंही हळूच मागं सरकली. मंडई संपायच्या आत आजूबाजूच्या गावांचे निरोप आले. आमालेही तसाच पडदा पाहिजे, वाघ नसलेला, पण असलेला.

शफीनं ते सगळे पडदे रंगवले. आधी डोळे, मग पानं.

मोहटोल्याहून निघताना धुरपताबाईनं त्याला मांडवामागं बोलावलं होतं. "ये, गवत कसं दबलं आहे पाह्य. तू जिथं उभा होता ना, त्याच्या अगदी मागं."

शफी गेला नाही. मात्र तेव्हापासून तो भिंतीला पाठ टेकूनच रंगवतो. पडद्यापर्यंत हात पुरत नाही, म्हणून ब्रशला बांबू बांधला आहे.