शेवटची रेघ मालकाची

मी एक जुना चपटा ब्रश आहे. अर्धा इंच रुंद. दांडा कधीकाळी पिवळा होता, आता कोणता रंग म्हणायचा ते मलाही कळत नाही. केस निम्मे गळालेत. हसू नका मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचे तरी गळाले असतीलच!

माझा जन्म कारखान्यातला, पण कोणत्या गावच्या, ते ठाऊक नाही. आठवतं ते तेलंगणातल्या आदिलाबादचं रंगाचं दुकान. तिथं डझनभर भावंडांबरोबर मी पुठ्ठ्याला अडकून लटकत होतो. देवानंद पेंटरनं माझे केस स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिले आणि म्हणाला, "हा चालते." बस्स, त्या दिवसापासून मी त्याच्या तामसी गावचा झालो.

देवानंद दुकानांच्या पाट्या लिहायचा. तामसीपासून गुडीहत्नूरच्या हायवेपर्यंत किराणा, धाबे, टायरवाले, सगळ्यांच्या पाट्या आम्ही दोघांनी लिहिल्या. वर तेलुगू, खाली मराठी. तेलुगू अक्षरं गोल गोल, तिथं वळता वळता माझी कंबर मोडायची. मराठीत मात्र मी राजा! उभी काठी एका दमात ओढली की बघणारे म्हणायचे, "वा पेंटर!" शाबासकी त्याला मिळायची आणि केस माझे झिजायचे, पण तक्रार नव्हती. भारी दिवस होते ते.

आता त्याची एक पद्धत सांगतो. नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. मराठी अक्षरांच्या डोक्यावरची आडवी रेघ देवानंद कधीच ओढायचा नाही. पाटी तशीच बिनरेघेची टांगायचा. मुहूर्ताच्या दिवशी नारळ फुटला की तो मला दुकानाच्या मालकाच्या हातात द्यायचा, त्याचं मनगट धरायचा आणि म्हणायचा, "दुकान तुमचं, शेवटची रेघ तुमची." पंक्चरवाल्या फकिराचा हात तर असा थरथरला की रेघ ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी मधेच लोंबली. फकिरा बिचारा ओशाळला. देवानंद म्हणाला, "राहू द्या भाऊ, थे तुमची सही हाय." ती वाकडी रेघ अजूनही तिथं आहे.

मग फ्लेक्स आले. तासाभरात छापायचे, खिळे ठोकून लावायचे, रंग नको की पेंटर नको. देवानंदनं भाजीचा मळा धरला आणि मला डब्यात टाकलं. माझ्या केसांत लाल रंग वाळून दगड झाला. पुढे त्याची बायको रेणुकाबाई मला घेऊन शिलाई मशीनमधला कचरा काढू लागली. ज्यानं हायवे गाजवला, त्यानं दोऱ्यांचे तुकडे झाडायचे! मला फार लागलं हो ते. पण सांगणार कुणाला?

देवानंदची मुलगी मंजुषा. चित्रकला बापाकडूनच शिकली, बी. ए. झाली. आदिलाबादच्या एका फ्लेक्सच्या दुकानात तिला नोकरी ठरली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. संगणकावरची तयार अक्षरं इकडून तिकडे सरकवायची, दिवसभर. तिच्या मनात ते बिलकूल नव्हतं, पण दुसरं काही हातात नव्हतं.

तेवढ्यात तिला मोबाईलवर एक जाहिरात दिसली. पुण्याच्या एका प्रकाशनाला घरबसल्या मुखपृष्ठं करणारे चित्रकार हवे होते. एक अर्ज, पूर्वीच्या कामाचे फोटो आणि मुलांच्या एका गोष्टींच्या पुस्तकासाठी नमुन्याचं मुखपृष्ठ, एवढं गुरुवारी पाचच्या आत पाठवायचं होतं. पुस्तकाचं नाव 'रेड्याचा रुसवा'.

"पूर्वीचं काम काय दाखवू बाबा? मी तर एकही पुस्तक केलं नाही."

"पाट्या दाखव ना! माह्यासंगं लिहिल्या नाहीत काय तू?"

"पुण्याच्या लोकाईले पंक्चरच्या दुकानाची पाटी दाखवू?"

"दाखव. लाज काऊन वाटून राह्यली? चोरी केली काय आपण?"

तिनं फकिराच्या दुकानाचा फोटो लावला. देवानंद अर्जाचा मजकूर सांगायला बसला तो थेट "मेहेरबान हुजूर" पासून. मंजुषा पोट धरून हसली आणि तिनं आपला साधा अर्ज लिहिला.

मग तिनं मला शोधून काढलं! दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवलं, साबणानं धुतलं, खोबरेल तेल लावलं. केस सुटे झाले तेव्हा मला रडूच आलं. शेजारच्या रेड्याला समोर बांधून तिनं चित्र काढलं. पाठ फिरवून बसलेला, तोंड फुगवलेला, काय झकास रुसला होता गडी! वरची अक्षरं माझ्या हातची, ठसठशीत. बापलेकीनं दहा मिनिटं निरखून पाहिलं. काहीच चूक दिसेना. चार वाजता फोटो पाठवला.

साडेपाचला रेणुकाबाई चहा घेऊन आली. चित्राकडे बघून म्हणाली, "मुहूर्त कवाचा हाय?"

"काय्यचा मुहूर्त?"

"रेघ नाही ना वरती."

मंजुषाच्या हातातून मी बादलीत पडलो. खरंच, सबंध नावावर रेघच नव्हती! बिनरेघेची पाटी पाहायची सवय झालेले चार डोळे, त्यांना ती पूर्णच वाटली होती. आणि पाच तर वाजून गेले होते. देवानंद खाली बसला. "माह्या सवयीनं पोरीचं काम गेलं," एवढंच म्हणाला. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

शनिवारी दुपारी फोन वाजला. "मी चारुशीला, पुण्याहून, प्रकाशनातून बोलतेय. तुमचा रेडा आमच्या सगळ्यांना फार आवडला. पण नावाला शिरोरेघ नाही. ही तुमची शैली आहे, की राहून गेली?"

म्हण पोरी, शैली म्हण! मी डब्यातून ओरडत होतो. पण मंजुषा पडली बापाची मुलगी. "राहून गेली मॅडम. आमच्या घरची सवय आहे," असं म्हणून तिनं खरं ते सांगितलं. आणि फोन देवानंदच्या हातात दिला.

"म्याडम, आमी शेवटची रेघ ओढत नाही. थे मालकानं ओढायची असते. फकिराच्या पाटीवर पाहा, वाकडी हाय, पण त्याची हाय."

मग चारुशीलाबाईंनी विचारलं, "मग या पुस्तकाचा मालक कोण हो, काका?"

"ज्या लेकराच्या हातात जाईन, थेच की!"

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "रेघ नकोच मग. असंच छापू. आत लिहू, की मुलांनो, नावावरची रेघ तुम्ही ओढा. मंजुषाला सांगा, सोमवारपासून आमचं काम सुरू."

सोमवारी मंजुषा आदिलाबादच्या बसमध्ये चढली नाही. ती माझ्याबरोबर अंगणात बसली होती.

चार महिन्यांनी पुस्तकाची पहिली प्रत आली. मंजुषानं मला काळ्या रंगात बुडवलं आणि देवानंदच्या हातात दिलं. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शेकडो पाट्या लिहिलेल्या त्या माणसानं स्वतःसाठी शेवटची रेघ एकदाही ओढली नव्हती! मंजुषानं त्याचं मनगट धरलं. तरी हात थरथरला, आणि रेघ मधेच लोंबली.

"वाकडी आली वं."

"राहू द्या बाबा. थे तुमची सही हाय."

आता मला डब्यात कोंबत नाहीत, केस वर करून पेल्यात उभं ठेवतात. तर मित्रांनो, ते पुस्तक तुमच्या हातात आलं तर खुशाल रेघ ओढा, वाकडी आली तरी घाबरू नका. फक्त ओढून झाली की तुमच्या ब्रशला लगेच धुवा. तोही कुणाच्या तरी मुहूर्ताची वाट बघत असतो.