बिनकेसांचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना पॉलिशचा ब्रश आहे. ब्रश म्हणायचं ते सवयीनं, कारण माझ्या अंगावर आता एकही केस नाही.

झाशीच्या बडा बाजारमधल्या दुकानात होतो तेव्हा माझा तोरा काय सांगू! शिसवी पाठ, घोड्याचे दाट केस. हृषीकेश हा झाशीतल्याच खंडेराव गेटजवळच्या मराठी घरातला मुलगा. फौजेत भरती झाल्या झाल्या त्याने मला विकत घेतलं. बुटात तोंड दिसेपर्यंत तो मला खाली ठेवत नसे. त्याचा जोडीदार दिवाकर हसायचा, "अरे भैया, जूता है, आईना नहीं!"

पुढे सरहद्दीवर दिवाकर मारला गेला, हृषीकेशच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. एकदा पहारा सोडून तो दिवाकरला शोधायला निघून गेला. त्यासाठी लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला. निकालापर्यंत घरी राहायची मुभा मिळाली, तर तो दिवसभर मला बुटांवर घासत बसे. माझे केस झडले, लाकडाने बुटांवर ओरखडे उठले, तरी त्याचा हात थांबेना.

बचाव करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या बायकोला, निवेदिताला, समजावलं, "भाभीजी, अदालत मान ले कि वो मुकदमा समझ ही नहीं सकते, तो पहले इलाज होगा. वरना जेल तय है."

म्हणून सुनावणीला जाताना तिने मला पिशवीत घातलं.

"आरोप समझ में आया?" न्यायालयाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"जी साहब!" हृषीकेशने टाचा जुळवल्या.

"बीमार हो?"

"नहीं साहब!"

फौजेत उत्तर असंच द्यायचं असतं, आणि तेवढं तो विसरला नव्हता. मग निवेदिताने मला मेजावर ठेवलं. "साहबजी, इससे ये दिन भर जूते घिसते हैं. एक बाल नहीं बचा, फिर भी घिसते हैं."

अध्यक्षांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, मग हृषीकेशच्या पायांकडे नजर टाकली. "जूते तो चमक रहे हैं."

चमकणारच! सकाळी निवेदिताला राहवलं नव्हतं. नवरा साहेबांपुढे ओरखड्यांच्या बुटांत उभा राहणार, हे तिला सोसवेना. शेजारच्या जानकीचा ब्रश आणून तिनेच ओरखडे बुजवले होते.

"वो मैंने किए हैं, साहबजी..."

"हर बीवी यही कहती है," अध्यक्ष म्हणाले. हृषीकेश खटला चालवण्याइतका शहाणा ठरला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारताच पुन्हा खणखणीत आवाज आला, "जी साहब!"

शिक्षा झाली. त्याला नेऊ लागले तेव्हा तो तिला म्हणाला, "अगं, बूट छान झालेत. दिवाकरचेही करून ठेव."

आता मी कोनाड्यात पडून असतो. निवेदिता मला हात लावत नाही आणि टाकूनही देत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं मन आजारी असेल, तर दाखवायला नेताना त्याला नीटनेटकं करू नका. विस्कटलेला असेल तसाच न्या. तुमचा जीव तुटेल, तरी तसाच न्या.