साडीची पट्टी

चष्मेवाल्याचं दुकान खाली आणि घर वर. वरच्या खोलीत त्याचे वडील पडून असत. आयुष्यभर टेलरिंग केलेला माणूस. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं, वाचा गेली, नाकातून अन्नाची नळी आली. डावा हात तेवढा धडधाकट होता, आणि तोच घात करायचा. लोंबणारा धागा दिसला की ओढून काढायची जन्माची सवय. नळी म्हणजे त्यांच्या लेखी तसलाच एक धागा. त्यांनी ती दोनदा उपटली, आणि दोन्ही वेळा त्यांना उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

त्यांची काळजी घ्यायला, घरोघरी सेवेला बायका पुरवणाऱ्या सेंटरकडून मावशी आल्या होत्या. बाई धिप्पाड आणि बडबडी. अंग पुसताना म्हाताऱ्यांना सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगायच्या, मग स्वतःच हसायच्या. सेंटरच्या कागदावर दिवसाला एक आणि रात्रीला एक अशा दोन बायका होत्या. प्रत्यक्षात मावशी एकट्याच.

दुसऱ्यांदा नळी निघाली त्या दिवशी चष्मेवाला वैतागला. "मावशी, तुम्ही स्वयंपाकघरात असलात की त्यांचा हात बांधत जा."

"दादा, बांधायची परवानगी नसते. सेंटरवाले ओरडतील."

"मी सांगतोय ना? काही झालं तर मी बघून घेईन."

कपाटातून गेलेल्या आईची जुनी सुती साडी काढून त्यानेच तिची पट्टी फाडली. मऊ आहे, टोचणार नाही, असं स्वतःला सांगितलं आणि तो खाली गिऱ्हाइकाकडे गेला.

मग एका दुपारी त्याची मोठी बहीण, ताई, न कळवता आली. जिना चढून पाहते तर वडिलांचा हात पलंगाच्या दांडीला बांधलेला आणि मनगटावर लाल वळ. मावशी ओट्याशी पेज गाळत होत्या. ताईने गाठ सोडली, पट्टी हातात घेतली आणि ती किंचाळलीच.

"ही आईची साडी आहे! आमच्या कपाटाला हात कसा लावलात तुम्ही?"

आवाज ऐकून चष्मेवाला धावत वर आला. मावशी त्याच्याकडे बघत होत्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ताई रडत होती, भाऊ असून लक्ष नाही म्हणून त्यालाही बोलत होती, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहिला. ताईने तिथूनच घरपोच सेवांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाला फोन लावला.

तपासणीला अधिकारीणबाई आल्या. शांतपणे त्यांनी वळ पाहिला, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवून पाठ पाहिली. पाठ स्वच्छ होती, कुठे जखम नाही. मग मावशींना विचारलं, "हात बांधायला कोणी सांगितलं?"

"दादांनी."

बाई त्याच्याकडे वळल्या. ताईही वळली. तो म्हणाला, "मला काही कल्पना नव्हती."

मावशींनी एकदाच त्याच्याकडे बघितलं. मग दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घातल्या, म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवल्या आणि पिशवी उचलली. चौकशी संपेपर्यंत त्यांचं काम बंद होतं.

नवी बाई आली. म्हाताऱ्यांची नजर दाराकडे लागलेली असायची. खोलीत कोणी बोलत नसे. दोन-चार दिवसांत नवी बाईही चाचरत म्हणाली, "साहेब, फार ओढतात हो. हात बांधू का?"

"नको," चष्मेवाला म्हणाला, आणि दिवसभर पलंगाशी तो हात धरून बसला. दुकान बंद राहिलं. हात सुटायला धडपडायचा, थकायचा, पुन्हा धडपडायचा. या हाताशी मावशींनी एकटीने किती झुंज दिली असेल, हे त्याला तेव्हा उमगलं. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात गेला आणि सगळं सांगितलं.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?" अधिकारीणबाईंनी विचारलं.

"लाज वाटली."

"आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देताना नाही वाटली?"

बाईंनी फाईल उघडली.

"डॉक्टरांना विचारलं असतंत तर बोटं झाकणारा मऊ हातमोजा मिळाला असता. बांधायची गरजच नव्हती. सेंटरनेही कधीतरी येऊन बघायचं होतं. एकीलाच दिवसरात्र राबवल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होईलच. मावशींचीही चूक आहे, त्यांना प्रशिक्षण पुन्हा करावं लागेल. पण यादीतून नाव कमी होणार नाही."

प्रशिक्षणाच्या वर्गाबाहेर, मधल्या सुट्टीत, तो मावशींना भेटला. हात जोडले. "चुकलो मी."

"ते माझ्यासमोर कशाला?" मावशी म्हणाल्या. "हात बांधला तो मीच बांधला, त्याची शिक्षा भोगते. पण कपाट मी उघडलं नव्हतं, दादा. ताई मला चोर समजतात. त्यांना सांगितलंत?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. कार्यालयात सगळं सांगून झालं होतं, ताईला सांगायचं राहिलं होतं.

"मग लावा फोन. इथूनच."

त्याने फोन लावला. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "ताई, आईची साडी मी फाडली. बाबांना बांधायलाही मीच सांगितलं." मग ताई म्हणाली, "मावशींना दे."

मावशी ऐकत राहिल्या. मध्येच पदराने नाक पुसलं. "असू दे," म्हणाल्या, "पाठ मात्र दोन्ही कुशींवर वळवून पुसायला सांगा नव्या बाईला." फोन त्याच्या हातात देऊन त्या वर्गात निघून गेल्या. ताई काय बोलली, हे त्याला कोणीच सांगितलं नाही.

मावशी परत आल्या नाहीत. त्यांना दुसरीकडे काम मिळालं. ताई दर आठवड्याला येते, वडिलांपाशी बसते, भावाशी कामापुरतं बोलते. तो दुपारी दुकान बंद ठेवतो. हातमोजा काढून वडिलांचं मनगट कोमट पाण्याने पुसतो. वळ कधीच गेलाय. तरी तो तिथेच जरा जास्त वेळ पुसत बसतो.