देवीचा पाळणा

“खून करताय तुम्ही, साहेब. याला नूतनीकरण म्हणू नका.”

वैष्णवीने सह्यांचा गठ्ठा नगरपालिकेच्या साहेबांच्या हातात कोंबला. गोदाकाठच्या बागेतला हा आकाशपाळणा लोखंडी, आठ पाळण्यांचा. त्याच्या जागी आता डोळ्यांवर व्हीआर चष्मा चढवून बसल्या जागी हलायच्या खुर्च्या येणार होत्या. साहेबांनी कागद न वाचता बगलेत मारले आणि गॅस कटर घेऊन उभ्या असलेल्या योगेशला खूण केली.

मागे बाकावर तिचे वडील, भिकनआप्पा. तीस वर्षं हा पाळणा त्यांनीच चालवला. आज ते यायला तयार नव्हते. तिनेच रिक्षात घालून आणलं होतं.

ती साहेबांना सुनावत राहिली. लग्न झालं की निफाडची जोडपी आधी इथे यायची. सातवा पाळणा देवीचा. त्यात कुणी बसायचं नाही. त्याच्या दांड्याला लाल कापड, लोक खालून हात जोडायचे. आणि ती लहान असताना दर रविवारी पहिली फेरी तिची, एकटीची, सहाव्या पाळण्यात, देवीच्या शेजारी. आप्पा खांबाला कान लावून तिचं हसू ऐकायचे. तुमच्या चष्म्यात हे दिसणार आहे का?

“ताई, एवढा जीव आहे तर सातवा घरी न्या की,” साहेब म्हणाले. “गॅलरीत झोका होईल.”

चाक फिरवून सातवा पाळणा खाली आणलेला होता. योगेशने चपला काढल्या, नमस्कार केला आणि दांड्यावरचं कापड सोडायला घेतलं.

“राहू दे ते.” आप्पा सकाळपासून पहिल्यांदा बोलले. “कापडासकट काप.”

“देवीचं कापड जाळू व्हय, आप्पा? पाप लागंल.”

थरांवर थर निघाले. दर नवरात्राचा एक. शेवटच्या थराखाली तारेचे वेढे होते, करकचून पिळलेले. तेही त्याने कापले. खाली दांडा तडकलेला होता. तड वर मधल्या आसापर्यंत गेली होती, आणि गंज जुना होता. योगेशने तिच्यात बोट घालून पाहिलं. बोट गेलं.

“लय लेकरं बसली ह्या चाकावर,” तो म्हणाला आणि खाली बसला.

साहेबांनी मोबाईल काढला, परत खिशात ठेवला.

“दुरुस्तीचे अर्ज दिले होते,” आप्पा आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले. “साहेब लोक म्हणाले, पाळणा बंद झाला तर तूही बंद.”

वैष्णवीने साहेबांच्या बगलेतून गठ्ठा ओढून घेतला. बाकापाशी आली. आप्पांनी मान फिरवली, तेव्हा त्यांचा उजवा कान तिच्यासमोर आला. ती त्या कानाकडे बघत राहिली.

“खांबाला कान लावून काय ऐकायचात तुम्ही?”

आप्पांनी टोपी काढली. झटकली. पुन्हा घातली.

“पहिली फेरी माझीच का, आप्पा? तीही एकटीची, लोकांना बसवायच्या आधी?” तिचा आवाज चढला नाही. “इकडे बघा. मला उत्तर पाहिजे.”